तुझी असती तर

गाडी लिफ्टवर चढली तशी बाई बोलायची थांबली.
आपल्याच माणसाचं उघडं पोट
परक्यांसमोर बघावं लागावं, तसं तोंड करून
एव्हलिन ओक्वाँ दाराशी उभी राहिली,
पर्स दोन्ही हातांत.

मी स्क्रूड्रायव्हर लावला. टोचला नाही, नुसता लावला.
आत गेला.
गंज कसला, चहात बुडवलेलं बिस्किट.
पापुद्रे चष्म्यावर, मिशीत,
ओठांवर एकोणीस हिवाळ्यांचं मीठ:
थोडं रस्ते खात्यानं टाकलेलं,
बाकीचं समुद्रानं, कुणाला न विचारता.

"ब्रेकच्या नळ्या," मी म्हणालो. "बॉल जॉइंट.
मागची सबफ्रेम, ती तर…"
हात हवेतच फिरवला.
"तेवीसशे डॉलर. वर टॅक्स."
विकायला काढली तर अठराशे येतील,
तेही घेणारा आंधळा असला तर.
कोंबडी चार आण्यांची, असं मी म्हटलं नाही.
मसाल्याचा कागद फक्त पुढ्यात ठेवला.

तिनं पर्समधून वही काढली.
पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक टाकी:
तारीख, किलोमीटर, लिटर, भाव.
मध्ये एका पानावर नुसतं "बर्नार",
आणि त्यापुढे तीन आठवडे काहीच भरलेलं नाही.
मागच्या कोऱ्या पानावर तिनं भागाकार मांडला,
पेन्सिलीनं, हातचा बोटावर धरून.
"नव्या गाडीचा हप्ता तीनशे दहा. सहा वर्षं.
फिटेल तेव्हा मी त्र्याहत्तरची.
ही नऊ महिने चालली तरी पैसे वसूल. हो की नाही?"

गणित बरोबर होतं.
मी उगाच त्यात चूक शोधत राहिलो,
कारण लोखंडाला भागाकार येत नाही.
वेल्डिंगला धरायला कडेचं लोखंड शाबूत लागतं;
इथे ठिगळ नवंकोरं बसेल
आणि लुगडंच विरून जाईल त्याच्याभोवती.

बाहेर सुएत वारा सुटला होता, डोंगरावरून खाली,
शेतिकाँमधली सगळी पत्र्याची दारं एकदम बोलत होती.

मग तो प्रश्न आला. येतोच.
"आन्सेल्म, तुझी असती तर?"

चाळीस वर्षांत हजारदा ऐकलाय
आणि हजारदा काहीतरी ठोकून दिलंय.
माझी असती तर मी रविवारी तिच्याखाली आडवा झालो असतो,
मजुरी शून्य, बाजूला बिअर,
भंगारातल्या दुसऱ्या गाडीची सबफ्रेम,
आणि मोडलीच वाटेत तर शिव्या देत चालत घरी.
पण माझी नाहीये.
तिची आहे, आणि ती दर मंगळवारी
कड्याच्या रस्त्यानं मार्गरीपर्यंत जाते,
तीन म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला.
त्यातला एक माझा बाप.
हे तिनं काढलं नाही. मीही नाही.

"मी हिच्यावर स्टिकर लावणार नाही," मी म्हणालो.
"तेवीसशे घेऊनही?"
"घेऊनही."
तिनं वही मिटली.
रागावली असेल असं वाटलं,
पण ती चाकं बघत होती.
"बर्फाचे टायर नवेत रे. एकच हिवाळा झालाय."
"ते काढून देतो. गिऱ्हाईक बघतो."
"बघ."

"आणि मंगळवारी माझा ट्रक ने," मी म्हणालो, जरा घाईनंच.
तिनं बाहेर जाऊन ट्रकची पायरी पाहिली,
स्वतःचे गुडघे पाहिले.
"स्टूल आणीन घरून."

जाता जाता परत वळली.
वही पुन्हा उघडून आजचा आकडा लिहिला,
तीन लाख एकेचाळीस हजार आणि काहीतरी,
लिटरच्या रकान्यात जरा थांबली.
"टाकीत अर्ध्याच्या वर पेट्रोल आहे.
परवाच भरलंय.
ते काढून ठेव."